डब्याएवढा सर्वर

बायांनो, आता तो क्लास नाही अन् ती गडबडही नाही, पण आमच्या घरी सर्वर कसा आला ते आठवलं की अजून हसू येतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझ्या लेकीनं, पल्लवीनं, नालवाडीच्या घरी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला. चार जुने कॉम्प्युटर जमले होते. सगळ्यांच्या फाइली सांभाळणारा पाचवा, म्हणजे सर्वर, हवा होता.

वर्ध्याच्या दुकानात एक कपाटाएवढा दाखवला, एक मसाल्याच्या डब्याएवढा. लहान निम्म्या किमतीत होता.

पल्लवी कुरकुरली, "चौघांचा भार पेलन का हा?"

मी दुकानदाराला विचारलं, "करंट किती खाते हा?"

"लई कमी, काकू. पण दिवसरात्र चालू ठेवा लागते."

"मंग हाच द्या भाऊ. सोमवारी नुसत्या भगरीवर मी दिवसभर राबते, हा काऊन नाई राबणार?"

महिनाभर छान चालला. मग एका सकाळी क्लासमध्ये गलका झाला. कोणाचीच फाइल उघडेना. दुसऱ्या दिवशी परीक्षा, पोरी रडकुंडीला आल्या.

"आई, सर्वर कोनं बंद केला?"

"म्या केला. महिना झाला, डोळ्याले डोळा नाई लागला बिचाऱ्याचा. म्हटलं, घटकाभर आराम करू दे."

पल्लवीनं बटण दाबलं. एकेक फाइल परत दिसायला लागली, तसा माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता रागावते. ती नुसती माझ्याकडे वळली.

"अन् तू कवा करतं वं आराम?"