उपवासाचा फराळ

काय सांगू तुम्हाला, मी मूळचा उदगीरचा, वडील शिंपी, आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. सरांनी फी माफ करवून दिली, मेसच्या मावशींनी एक पोळी जास्त वाढली, त्या सगळ्यांच्या जिवावर मी केमिकल इंजिनियर झालो आणि पुण्याहून इथं सिंगापूरला आलो, ते विसरून चालणार नाही. आता क्लेमेंटीला भाड्याचा फ्लॅट, मी, बायको सुनंदा आणि मुलगा ओम. सकाळी कंपनीची बस येते आणि जुरोंग आयलंडला प्लांटवर नेते.

भूक म्हणाल तर मला भूक अशी लागतच नाही हो. प्लांटमध्ये काही अडलं, मॅनेजरचा फोन वाजला, इथं राहायला लागणारा कामाचा पास रिन्यू होतो का नाही अशी कुजबुज सुरू झाली, की हात डब्याकडं जातो. बिस्किटं, चिवडा, बसमधून उतरलो की हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, पराठा, आणि घरी सुनंदा जेवायची थांबलेली, मग तेही जेवायचं. ताण जागच्या जागी, पोट तेवढं पुढं.

मागं कंपनीच्या तपासणीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बीपी वाढलंय, शुगर कडेला आलीय, वजन उतरलं नाही तर प्लांटच्या टॉवरवर चढायला सही देणार नाही. सही नाही म्हणजे प्लांटवर काम नाही, काम नाही तर पास नाही, मग ओमची शाळा, उदगीरला आईची औषधं, सगळंच आलं. तीन महिन्यांनी या म्हणाल्या.

मग मी उपवास धरले, दुसरं काय सुचणार आपल्याला. सोमवार, गुरुवार, शनिवार, शिवाय चतुर्थी. सुनंदाला आनंद झाला. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, डब्यात दाण्याचे लाडू. ओम इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायचा, पपा, फास्टिंग ऑल्सो ईट सो मच लाह. मी म्हणायचो, गप रे, देवाचं आहे. फोन वाजला की लाडू, आणि उपवासाचा म्हणून मनाला टोचणीही नाही.

तीन महिन्यांनी वजन वाढलेलंच. डॉक्टरीणबाई तमिळ, उपवास त्यांच्याकडंही असतात, पण आपला फराळ त्यांना ठाऊक नाही. उपवासाला खाता काय, म्हणाल्या. मी सांगत गेलो, त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. आणि एरवी खाता कधी? मी म्हटलं, भीती वाटली की. हे मी सुनंदालाही कधी बोललो नव्हतो, ती शेजारीच बसली होती.

सही मिळाली नाही. आता तात्पुरतं ऑफिसात बसवलंय, पास वर्षअखेरपर्यंत आहे. वजन थोडं उतरलंय, पुढच्या महिन्यात परत तपासणी, बघू, दमलोय मी. स्वयंपाकघरात गेलो की सुनंदा विचारते, भूक लागली का भीती वाटतेय? कधी कधी मलाच कळत नाही. मग ती म्हणते, बसा जरा, कळेल. आणि आम्ही दोघं तिथंच बसून राहतो.