रोल नंबर वन

अगं, गणिताची वही लाल शाईशिवाय परत आली, तेव्हाच मला शंका आली. बेंगळूरच्या कॉलेजातल्या आमच्या पद्मा मिस साधं टिंबही सोडत नसत.

"आजचा तास तू घ्यायचा," म्हणत त्यांनी हजेरीबुक माझ्या हातात कोंबलं.

"मिस, मला चारचौघांत बोलता येत नाही हो!"

"जिन्याखाली मैत्रिणींना शिकवतेस, ते मी रोज ऐकते. सरी, चल आता!" कानडीत 'बरं' म्हणून त्या चक्क शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

मी पुटपुटले, "रोल नंबर वन." वर्ग फिदीफिदी हसला, ओ कुणीच देईना. पुन्हा पुकारलं, तेच. पळून जावंसं वाटलं. तिसऱ्यांदा तर मी ओरडलेच.

मागून मिस ताडकन उभ्या राहिल्या. "प्रेझेंट, मिस!"