धुतलेली दोन अंडी

दिनांक १२ फेब्रुवारी.
जबाब देणार: वय ७१ वर्षे, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त. नाव व पत्ता कालच्या पंचनाम्यात लिहिल्याप्रमाणे.

मी ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, काल सकाळी माझी पत्नी, वय ६६, हिचे आमच्या परसात निधन झाले. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे लिहून दिले आहे. त्याआधी थोडा वेळ ती "एक दिवस मारून टाकाल तुम्ही मला!" असे ओरडल्याचे शेजारीणबाईंनी सांगितले आहे. ते खरे आहे. बाई खोटे बोलत नाहीत. त्याबाबत माझे म्हणणे असे.

आमच्याकडे कोंबड्या आहेत. अंडी गोळा करणे माझे काम, पुसणे व ठेवणे तिचे. अंड्यावर मुळातच एक पातळ थर असतो. पाण्याने तो जातो व अंडे लवकर खराब होते. म्हणून ती कोरड्या फडक्यानेच पुसते आणि निमुळते टोक खाली करून ट्रेमध्ये ठेवते. काल दोन अंडी फार घाण होती. ती मी नळाखाली धुतली. तिने पाहिले व वरील वाक्य म्हटले. पुढे असेही म्हणाली, "अहो, पाणीखातं सुटलं, पण नळ काही सुटला नाही! आंघोळ घातलीत, आता पावडरही लावा!" हे शेजारी ऐकू गेले नसावे, कारण तोवर ती हसायला लागली होती.

"अंड्यांवरून एवढं ओरडायचं?" असे साहेबांनी दोनदा विचारले. मला ऐकायला कमी येते. ती सगळेच मोठ्याने बोलते. भांडण नव्हते.

मग "ही दोन आजच संपवायची, एक तुम्हाला, एक मला," असे सांगून ती पायरीवर बाकीची पुसत बसली. मी खुराड्यातले पाणी बदलत होतो. वळून पाहिले तेव्हा ती भिंतीला टेकलेली होती. फडके हातात, एक अंडे मांडीवर. फुटले नव्हते. मी हाक मारली. मोठ्याने मारली.

माझा कोणावर संशय नाही. शेजारीणबाईंवर रागही नाही.

धुतलेली अंडी कोठे आहेत, असे विचारल्यावरून सांगतो की, काल संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती उकडली. ठेवून चालणार नव्हते. दोन्ही मीच खाल्ली.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मला ऐकू आला व मी सांगितला तसाच आहे.