तिसऱ्या पानावरचं बटण

"हॅलो?... हो, बोल चिमे... वाचलं गं, सकाळीच वाचलं... नाही, ऑफिसातून कोण कशाला सांगतंय, बातम्यांत आलं तेव्हाच कळलं."

थोरलीनं फोन कान आणि खांदा यांच्यात धरला आणि चहाचा कप लॅपटॉपपासून लांब सरकवला. धाकट्या बहिणीचा फोन येणार हे तिला ठाऊक होतं. काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. आवाज जरासा खाली, मध्ये एक सुस्कारा, आणि शेवटी 'होईल सगळं नीट'.

"फार वाईट झालं... अगं, मनापासून म्हणतेय... मला कशाला बरं वाटेल?... नाही, आवाज असाच आहे माझा, घसा बसलाय."

घसा काही बसलेला नव्हता. थोरली एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीत होती, चिमी एका लहानशा. दोन्हीकडे काम एकच: पडद्यावरची पानं, बटणं, चित्रं आखायचं साधन बनवणं. थोरलीच्या साधनाचं नाव पाटी. ती तिनं आणि तिच्या माणसांनी पहिल्या रेघेपासून उभी केली होती. पण लोक चिमीकडचं साधन वापरत. शेवटी बड्या कंपनीनं चिमीची कंपनीच विकत घ्यायचं ठरवलं, आणि एका घरात दोन कशाला म्हणून पाटी बंद करून टाकली. सौदा पार पडला की दोन्हीकडच्या माणसांवर प्रमुख म्हणून चिमी बसणार होती. म्हणजे थोरलीच्याही डोक्यावर. आणि आज सरकारी नियामकांनी सौद्याला परवानगीच नाकारली होती.

"का म्हणजे काय, त्यांनी लिहिलंय की सरळ. मोठ्यानं धाकट्याला गिळलं तर वापरणाऱ्याला दुसरं दुकानच उरत नाही... हो, पाटीचंही नाव आहे. मी वाचलं ते... 'चालतं साधन या सौद्यापायी बंद केलं गेलं.' चालतं म्हटलंय हं त्यांनी... नाही गं, आनंद कसला. एवढंच म्हणतेय की कुणाला तरी आठवण होती."

आतल्या खोलीतून आईनं कोण आहे म्हणून विचारलं.

"चिमी आहे, आई... हो, सांगते... आई म्हणतेय जेवलीस का. ती म्हणतेय, चिमीच्या हातात कला आहे, तिचं काही अडत नाही... हो ना. मी म्हणजे काय, मी फक्त त्या हातात पेन्सिल दिली."

हे जरा जास्तच आंबट झालं, असं वाटून थोरलीनं ठरलेला सुस्कारा टाकला.

"ऐक ना, वर्षभर मीही सोसलंच की. सवत घरात यायची म्हणून मीच खोली झाडायची, आणि वर हसून दाखवायचं... तू नाही गं सवत, तुझं ते साधन. तू रडत-बिडत नाहीस ना?... बरं. होईल सगळं नीट... काय?... आत? कुठे आत?... नाही बाई, मी चहा पितेय."

माऊसवरचा तिचा हात चटका बसल्यासारखा उचलला गेला.

"कसला बाण?... हलत होता आणि आत्ता थांबला?"

चिमीकडच्या साधनाची हीच तर खुबी होती. एकाच पानावर दोघी काम करत असल्या की एकीला दुसरीच्या माऊसचा बाण पडद्यावर फिरताना दिसे, नावासकट. आईचं कपाट दोघींनी मिळून आखायचं म्हणून चिमीनं तिथे घरची एक जागा करून दिली होती, आणि थोरलीच्या बाणाला 'ताई' असं नाव दिलं होतं. कपाट कधीच बनून आलं. थोरली मात्र त्या जागेत येत राहिली. स्वतःची पाटी आता उघडतच नव्हती, आणि तिला आखायचं होतं.

"बरं, आहे मी आत. कपाटाचा एक खण बघायचा होता... हो, तेच पान... तेच नाही?"

पानाच्या डोक्यावर ठसठशीत लिहिलं होतं: 'पाटी, पुन्हा सुरुवात'. आज दुपारी ते तिच्या कंपनीतल्या साहेबांसमोर मांडायचं होतं. साहेब हो म्हणाले तर पाटी परत उघडणार होती.

"तू कधीपासून बघतेयस हे?... नाही, आधी ते सांग... महिनाभर? आणि बोलली नाहीस?"

महिन्यापूर्वी सौदा सगळ्यांनी पक्काच धरला होता. आईनं शेजारीपाजारी सांगून झालं होतं, चिमीनं नव्या पदाला शोभतील असे कपडे शिवायला टाकले होते. त्याच दिवसांत थोरली, चिमीच्याच साधनात बसून, सौदा मोडल्यावर काय करायचं ते आखत होती.

"चिमे, तुझ्या तिथल्या कुणाला हे... फक्त तुलाच दिसतं ना?... बरं... बरं बाई, विश्वास आहे. म्हणून तर विचारतेय."

कपातल्या चहावर साय धरली होती.

"तसं नव्हतं ते... म्हणजे मोडलाच तर, आपलं तयार असावं म्हणून... हो... हो, वाटत होतं मोडावा. रोज वाटत होतं. झालं समाधान?... तुझ्यावर राग नव्हता गं. जळत होते मी. आता कळलंच आहे तुला तर सांगते. माझ्या माणसांना तू म्हणणार, 'छान झालंय हं', आणि मी आपली शेजारी उभी राहून मान डोलवणार... तू नसतीस म्हणाली? म्हणाली असतीस. आत्ताही आईला तसंच म्हणतेस... हॅलो?... चिमे, आहेस ना?... मग बोल की. दोन शिव्या दे हवं तर."

पलीकडून जे आलं ते शिव्यांपैकी नव्हतं.

"तिसऱ्या पानावर?... कुठलं बटण?... वाकडं कसं असेल, मी आखलंय ते... महिनाभर खुपतंय तुला? मी सौदा मोडायची वाट बघत होते ते नाही खुपलं, बटण खुपलं?... दोन्ही. बरं."

तिसऱ्या पानाच्या कडेनं एक हिरवा बाण आत आला. त्याच्या शेपटीला लिहिलं होतं 'चिमी'.

"हात लावू नकोस... दिसतेयस मला. चिमे, हात लावू नकोस म्हणतेय ना मी."

बटण केसभर डावीकडे गेलं. केसभरच. आणि अख्खं पान, कुणीतरी खांद्यावरचं ओझं उतरवून द्यावं तसं, सुटसुटीत झालं. थोरलीला ते लगेच दिसलं, आणि दिसलं याचाच तिला राग आला.

"...राहू दे. हो, राहू दे म्हटलं. चांगलं दिसतंय म्हणून नाही, परत हलवायला वेळ नाही म्हणून... काय?... मी तुमच्याकडे? छे. तू ये की. साहेब हो म्हणाले तरी माझ्याकडे माणसं कुठे उरलीत, पाटी बंद झाल्यावर निम्मी तुमच्याकडेच जाऊन बसलीत... हसायला काय झालं?... माझ्या हाताखाली, मग काय डोक्यावर?... नाही ना जमायचं?... मलाही नसतं जमलं गं. तेच तर सांगतेय इतका वेळ... बरं, ठेवते, साहेबांचा फोन येतोय... हो, जेव तू. ठेवते."

तिनं चिमीचा फोन ठेवला. साहेबांचा वाजत होता. थोरलीनं घाईघाईनं बटण मूळच्या जागी, आपण ठेवलं होतं तिथे, परत नेलं. पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. मग ओठ आवळून ते केसभर डावीकडे सरकवलं.

हिरवा बाण अजून गेलाच नव्हता. तो पानाच्या कोपऱ्यात होता, आणि आता तो सावकाश वर-खाली झाला. मान डोलवावी तसा.

"कळलं," थोरली पडद्याला म्हणाली.

एव्हाना साहेबांचा फोन वाजून वाजून थांबला होता. तो परत लावायला तिनं मोबाईल उचलला, पण त्याआधी लॅपटॉप थोडा वळवून ठेवला, बोलताना आपला चेहरा त्या बाणासमोर यायला नको इतपत.