सोंगहुआ फुटली त्या दुपारी

सन्माननीय अध्यक्षा आणि आमच्या मुख्याध्यापिका हाओ ग्वेइजेन, मंचावरचे प्रमुख पाहुणे श्री. शांग, माझे सहकारी, पालक, माझी मुलं, आणि दाराजवळची खुर्ची सोडून पुढे यायला अजूनही तयार नसलेले आपले फाटकावरचे ल्वान काका, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

अकरा वर्षांपूर्वी फिलिपाइन्सच्या एका बेटावरून मी इथे, चीनच्या उत्तरेत, इंग्रजी शिकवायला आले. मारिसेल हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आठवड्याभरात मी ‘मा बाई’ झाले. वसंत जवळ आला की इथे काय होतं? दोरीवरचे कपडे गोठून लाकडासारखे कडक व्हायचे थांबतात, आणि अख्खं गाव परक्या बाईच्या कपड्यांची काळजी करू लागतं. “मा बाई, आतली जाड विजार इतक्यात काढू नका हं,” असं मला भाजीवालीसुद्धा बजावते. पण वसंत म्हणजे काय, हे मला कळलं ते दुसऱ्या वर्षी.

एप्रिल लागला होता. गोठलेल्या सोंगहुआ नदीवरून ट्रक जाणं बंद झालं होतं. माणसं मात्र अजून पलीकडे चालत जात होती. शेवटच्या वर्गाचा फोटो बर्फावर काढायची आपली रीत. बेचाळीस मुलं घेऊन मी फाटकाशी गेले, तर कुलूप.

“आज नाही, बाई,” ल्वान काका म्हणाले.

“का?”

“काल काठी आपटली तर बर्फ खणखणत होता. आज बद्द वाजतोय.”

मी मुख्याध्यापिकांकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, “काकांनी तीस वर्षं या नदीत होडी चालवलीय. मी काय बोलू?”

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलं जाता-येता विचारायची, “काका, आज बर्फ काय म्हणाला?” खानावळीतल्या मावशी म्हणाल्या, “म्हाताऱ्याचे कान गेलेत, आणि म्हणे नदीचं ऐकतोय.” आणि मी? आज सांगायला लाज वाटते. मी म्हणाले, “काका, तुम्ही घाबरता, त्याची शिक्षा मुलांना का?”

ते म्हणाले, “घाबरतो खरा.” एवढंच बोलले, आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी, मी फळ्यावर लिहीत असताना खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मला भूकंप वाटला. मुलं ओरडली, “नदी!” काकांनी स्वतः फाटक उघडलं आणि आम्हाला बांधावर नेलं, बांधाच्या खाली मात्र एकालाही उतरू दिलं नाही.

मी समुद्राकाठची. वादळं पाहिलेली. पण हे निराळं होतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरी जमीन चालू लागली होती. वर्गखोलीएवढे तुकडे उभे राहत, एकमेकांवर चढत, काठावर आपटत होते. बर्फावरच्या ज्या पायवाटेवर आम्ही फोटोसाठी उभे राहणार होतो, ती तिच्या खुणेच्या लाल झेंड्यांसकट आमच्यासमोरून निघून गेली, मग कलली आणि खाली गेली. माझे हात आपोआप जोडले गेले होते.

मला वाटलं, आता काका म्हणतील, “बघा, सांगत होतो.” मी वळून पाहिलं. ते नदीकडे बघतच नव्हते. मुलांच्या डोक्यांवर एकेक बोट टेकवत मोजत होते. शेवटी माझ्यापाशी आले, थांबले आणि म्हणाले, “त्रेचाळीस.”

“बेचाळीस, काका,” मी म्हणाले. “वर्गात बेचाळीसच आहेत.”

“तुम्हाला धरून,” ते म्हणाले.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “मी चुकलो असतो तर बरं झालं असतं, बाई. पोरांना फोटो मिळाला असता.” तो फोटो आम्ही बांधावर काढला. काका त्यात यायला तयार झाले नाहीत. फाटक उघडं राहिलंय म्हणाले.

मित्रहो, घरापासून इतक्या दूर मला कुणी मोजणीत धरलं, याहून मोठा सत्कार मला ठाऊक नाही.

आपण सर्वांनी मला सांभाळलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. अकरा वर्षांनंतरही तुमच्या भाषेतले सुरांचे चढउतार, ज्यांनी शब्दाचा अर्थच बदलतो, माझ्या तोंडात घसरतात. आदराने बोलायला जाऊन कुणाला भलतंच काही बोलले असेन, तर ते माझ्या जिभेचं समजा, मनाचं नव्हे, आणि उदार मनाने पोटात घाला.