जिंतूरचा ग्रीक

नाव दत्तात्रय मुळे, जन्म जिंतूरचा, परभणी जिल्हा, आणि पुण्याच्या नाटकवाल्या मंडळींत मला ग्रीक म्हणतात. हसू नका, सांगतो. ग्रीस देश नकाशात दाखव म्हणालात तर माझं बोट फिरत फिरत आफ्रिकेत जाईल, पण पुण्यात ग्रीक संगीतकार कोण असं कुणी विचारलंच, आता कुणी विचारत नाही तो भाग वेगळा, तर जुनी माणसं धनकवडीतल्या याच घराचा पत्ता देतील.

घरात गाण्याचा कुणाला गंध नव्हता. वडील जिनिंगमध्ये मुकादम, आई म्हणायची की गाणाऱ्याच्या घरात चूल पेटत नाही, आणि मला तर देवाने आवाज असा दिला की एसटीचा गिअर बदलावा. डोक्यात सूर अगदी बरोबर, तोंडातून बाहेर पडेपर्यंत पंक्चर. बारावी झाली, एक मामेभाऊ पुण्यात होता, त्याच्या मागे आलो आणि स्वारगेटला मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला लागलो, तो थेट गुडघे गेले तेव्हा सुटलो. क्लच प्लेट, ब्रेक शू, गॅस्केट, हे माझं शिक्षण. संध्याकाळी मात्र एका नाटकवाल्या ग्रुपात जाऊन बसायचो, आधी चहा आणायला, मग पेटी उचलायला, मग पेटी वाजवायला, माणूस असाच वर चढतो.

मग लग्न झालं. मंगल सेलूची. बघायला गेलो तेव्हा तिला गाता येतं हे कुणी सांगितलंच नाही, कारण तिच्याकडे तो अवगुण समजत. लग्नानंतर एकदा मी दुकानातून आलो तर ही भाकरी थापता थापता काहीतरी म्हणत होती, आणि काय सांगू तुम्हाला, मी चपला हातात घेऊन दारातच उभा राहिलो. तेव्हापासून आमची एक पद्धत पडली. मी माझ्या त्या फुटक्या आवाजात चाल म्हणून दाखवायची, तिने ऐकायची, स्वच्छ करायची आणि परत माझ्यासमोर ठेवायची, असं म्हणायचंय का तुम्हाला, म्हणून. असंच म्हणायचं असायचं. मला नोटेशन येत नाही, सकाळपर्यंत मी माझीच चाल विसरलेला असायचो, तिला पाठ. लोणच्याच्या बरण्या फडताळात लावाव्यात तशा माझ्या चाली तिच्याकडे, मागितली की काढून द्यायची, वर म्हणायची, आता ही तरी नीट ठेवा.

ते ग्रीक नाटक शशीने आणलं. शशी म्हणजे आमचा दिग्दर्शक, दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी क्रांती. गोष्ट अशी की एक नगर युद्धात हरलंय, पुरुष सगळे मेलेत, बायका उरल्यात, आणि त्या बायकांचा घोळका सगळं नाटकभर गातो, त्याला कोरस म्हणतात. मी म्हटलं शशी, ग्रीक बायका कशा गात असतील मला काय ठाऊक. तर म्हणाला, अरे ते आता ग्रीकांनाही ठाऊक नाही, तेव्हा तू चुकलास तरी पकडणार कोण, बिनधास्त चूक. पुणेरी माणसाने दिलेलं हे एवढंच उत्तेजन मला आयुष्यभर पुरलं.

पण चाल येईना. पेटीवर रोज बसायचो. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणं असतं, मींड म्हणतात तिला, ती पेटीवर येत नाही, पेटी म्हणजे जिना, एक पायरी संपली की दुसरी, आणि रडणं काही पायऱ्या उतरत येत नाही. मग एक दिवस दुपारी दुकानात एक टेम्पोवाला ब्रेक शूसाठी डोकं खात होता, मी खोका हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो, कारण ती आली. राख झालं गाव आमचं, दार कुणाचं लोटू. अख्खी ओळ, घसरत, वरून खाली. टेम्पोवाल्याला भलताच शू दिला. मालक ओरडले, मुळे, लक्ष कुठंय तुमचं. मी म्हटलं, युद्ध हरलोय मालक. ते म्हणाले, ते रोजचंच आहे, माल बघून द्या.

संध्याकाळी मंगलला दिली. तिने ऐकली, एकदा म्हटली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, ही चाल चांगली नाही हो, ही फार खरी आहे. कोरसमध्ये पुढे तीच उभी राहिली. थोडेच प्रयोग झाले, पण जे झाले त्यांत बायका रुमाल काढायच्या, पुरुष खोकायचे. एकदा प्रयोगानंतर एक सदाशिव पेठी आजोबा आत आले, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, आपलं संगीत ठीक होतं, झोप लागली नाही. शशी म्हणाला, दत्ता, याला पुण्यात पद्मश्री म्हणतात. तेव्हापासून मी ग्रीक.

पुढे शशी गेला, हार्ट अटॅक, ग्रुप फुटला. मी शाळांच्या गॅदरिंगला चाली लावल्या, एका सोसायटीचं स्वागतगीत केलं, नगरसेवकाच्या प्रचाराचं गाणं केलं, तो पडला आणि गाणं त्याला पाडणाऱ्याला आवडलं. हे सगळं गेलं ते बरंच झालं. पण त्या कोरसची आमच्याकडे एक कॅसेट होती, तिच्यावर माझ्या मेव्हण्याने त्याच्या पोराच्या मुंजीतल्या मंगलाष्टका भरल्या. रिकामी वाटली म्हणाला. ऐकली तर म्हणे नुसत्या बायका रडत होत्या. मी मनात म्हटलं, मंगल आहे ना.

आता मंगलचं सांगतो. तुम्ही पाहताच आहात. वय काही फार नाही हो तिचं. लोक विचारतात पहिल्यांदा कळलं कधी, किल्ल्या हरवल्या का, दूध उतू गेलं का. तसलं काही नाही. मी सहज म्हटलं, त्या कोरसमधली दुसऱ्या अंतऱ्याची वरची जागा म्हण गं जरा, आणि ती म्हणाली, कसल्या अंतऱ्याची. मी हसलो. ती हसली नाही. मग डॉक्टर, तपासण्या, मेंदूचे फोटो, आणि डॉक्टर म्हणाले हे लवकर आलंय, आणि लवकर आलेलं भराभर जातं. एकदा नजर चुकवून गेली, स्वारगेटला परभणीच्या गाडीत खिडकीशी बसलेली सापडली. वाघोलीहून मुलगी धावत आली, म्हणाली बाबा, आता एखादं सेंटर बघू या. मी म्हटलं, बघू. ते मी अजून बघतोच आहे.

एकदा मंगल म्हणाली आज आई यायची आहे, पुरण घालू का. मी शहाणा, म्हणालो, अगं आई जाऊन वर्षं झाली. त्या दिवशी तिची आई नव्याने मेली. भिंतीवर डोकं आपटलं, जेवली नाही, मला म्हणाली मला कळवलं का नाही, तोंड तरी दाखवायचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, आई कधी येणार. तेव्हापासून मी आईच्या बाबतीत खरं बोलत नाही. येईल म्हणतो, गाडी लेट आहे म्हणतो.

अशात रेणुका आली. शशीची भाची, पंचविशीची, केस इतके बारीक की आमच्या वेळी मुंजीत कापायचे. ती म्हणाली काका, मामाचं ते ग्रीक नाटक आम्ही परत करतोय, आणि म्युझिक ओरिजिनलच पाहिजे, एआय-बिआय नको, पोस्टरवर तुमचं नाव मोठ्ठं टाकणार. खोटं कशाला बोलू. आयुष्यात एकच गोष्ट बरी केली होती, ती आता कुठेच नव्हती, माझ्या डोक्यात तिचा सांगाडा आणि तिचं मांस मंगलकडे. कोरसमधल्या एकीला फोन लावला, तिला शब्द आठवत होते, पण चाल तिने सिनेमातली लावली होती, आणि म्हणाली, अशीच तर होती.

रेणुका दोनदा येऊन बसली, मंगल नुसता चहा गार करायची. तिसऱ्यांदा आली तेव्हा मंगल मटार सोलत होती, आणि सोलता सोलता सुरू झाली. राख झालं गाव आमचं. सगळ्या घसरणींसकट. तिला माझं नाव आठवत नव्हतं त्या दिवशी, पण ती वरची जागा, जी मलाही नीट घेता आली नव्हती, ती तिने अलगद घेतली. रेणुकाने फोन पुढे धरला, डोळे पुसले आणि म्हणाली, काका, काय चाल लावलीत हो तुम्ही.

मंगल थांबली. म्हणाली, यांनी? हे कोण चाल लावणारे? ही माझ्या आईची. आई भांडी घासताना म्हणायची. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी घरात शिरून काही उचलून नेलंय. त्या दिवशी गाणं तिथेच, दुसऱ्या अंतऱ्यावर थांबलं.

रेणुका हुशार, जाताना दारात म्हणाली, काकूंपुढे आपण आजीचं म्हणू, पोस्टरवर तुमचं टाकू, त्यांना कुठे कळणार आहे. मी हो म्हणालो. तुम्ही काय केलं असतं? मग कोरसच्या पोरी शिकायला घरी येऊ लागल्या, मंगल खुशीत, आईचं गाणं शिकवते म्हणून केसांत फूल माळून बसायची, एकीला तर म्हणाली, नाकातून नको गं, रडायचंय, शेंबूड नाही काढायचा. पण पोरी त्या, एक बोलून गेली, सर, तुमची ही जागा किती भारी आहे. संपलं. मंगल आतल्या खोलीत गेली, दार लावलं, आई कुठंय विचारत राहिली, आणि पुढे बरेच दिवस गाणं नाही. पुन्हा सुरू झालं तेव्हा तिसरा अंतरा नव्हता. रेणुकाच्या फोनमध्ये आणि पोरींच्या गळ्यात दुसऱ्यापर्यंतच आलं होतं. मी शब्द सांगितले, टाळी देऊन पाहिलं, पेटीवर पायऱ्या दाखवल्या. तो गेला तो गेलाच. आता तो जगात कुठेही नाही.

तेव्हा मी रेणुकाला बोलावलं आणि म्हटलं, पोस्टरवर, तिकिटावर, तुमच्या त्या इंस्टावर, सगळीकडे मंगलच्या आईचं नाव, चाल गोदावरीबाई देशमाने असं टाका, आणि पोरींना सांगा की माझं नाव निघालं तर गाणं बंद. ती म्हणाली, काका, पण हे खोटं आहे. मी म्हटलं, बाळ, नाव राहिलं आणि चाल गेली तर ते नाव मी कशाला लावू, दाराला? ती माझ्याशी भांडली, रडली, शेवटी टाकलं. एकदा मी ते पोस्टर मोबाइलवर मोठं करकरून पाहिलं. माझं नाव शोधत नव्हतो असं म्हणणार नाही.

आता तुम्हाला एक सांगतो, आमच्या सासूबाईंना गाण्याचा भयंकर तिटकारा होता. रेडिओ लागला की म्हणायच्या, बंद करा ते गळे काढणं. देवाची आरतीसुद्धा त्या भांडण केल्यासारखी म्हणायच्या. त्या बाईने ग्रीक नाटकाला चाल लावली, आता पुण्यात त्यांचं नाव होईल. होऊ दे. जिथे असतील तिथे कपाळाला हात लावून बसल्या असतील.

पोरींचं भलं होवो, नाटक चालो. तुम्हीही हे लिहाल तेव्हा चाल त्यांचीच लिहा. आणि आता आवाज जरा हळू करा, मंगल उठली बहुतेक. उठली की विचारते, आई आली का.