कोइम्बतूरची पाचवी फेरी

अध्यक्ष माननीय केशरबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते आपले मालक बन्सीधरसाहेब, आणि कारखान्यातील माझ्या सहकाऱ्यांनो,

साहेबांनी गंगाखेडात साखर कारखान्यांसाठी रोलर आणि गिअर घडवले, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. रेसिंगच्या गाडीचा विषय मात्र कोणीच काढला नाही. का बरं? बहुधा साहेबांना वाईट वाटू नये म्हणून. त्या गाडीची इंजिनिअर मी होते, तेव्हा ते सांगणं माझ्याकडेच येतं.

त्या इंजिनाचे निम्मे भाग आपल्या शेडमध्ये घडले. चार वर्षांपूर्वी खंडेनवमीला आपण गाडीचीही पूजा केली. फोरमन चंद्रभानकाकांनी बॉनेटवर नारळ फोडला. पाणी फटीतून आत गेलेलं मी पाहिलं आणि पाना उचलला.

"ओ बाई, आज हत्यारं पूजेला बसल्यात. उद्या बघा की! गाडी पळून जायलीय का?"

"रेसची हाय काका, पळणारच की!" मागून कोणीतरी म्हणालं.

मीही हसले आणि पाना ठेवला. दुसऱ्या दिवशी ट्रक भरायच्या घाईत बघायचं राहिलं. तपासणीच्या कागदावर 'वायरिंग ठीक' लिहून मी सही केली.

कोइम्बतूरच्या रेसमध्ये पाचव्या फेरीत, गाडी तिसरी असताना, इंजिन बंद पडलं. साहेब म्हणाले, "आपलंच काम कच्चं निघालं, बेटा. लय उड्या मारल्या आपण." रेसिंग तिथेच संपलं. गाडी विकली.

गाडी देण्याआधी मी बॉनेटच्या त्या फटीखालचा, सेन्सरची वायर जोडणारा कनेक्टर उघडला. आत हिरवा गंज होता. तो पुसला, आणि इंजिन लगेच सुरू झालं. मी कोणालाच सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मी रजा घेतली, ती आजारपणाची नव्हती. मी कोइम्बतूरला रेस बघायला गेले होते. गाडीचा रंग बदललाय. इंजिन तेच, आपलं. वीसच्या वीस फेऱ्या धावलं. शेवटच्या वळणावर त्याचा आवाज चढायचा तेव्हा साहेब माझ्याकडे बघायचे, आठवतं? मी सवयीने डावीकडे बघितलं. तिथे कोणी अनोळखी गृहस्थ चहा पीत होते.

चंद्रभानकाका, मान वर करा. सही माझी होती.

साहेब, उद्या तुम्ही मुलाकडे नाशिकला चाललात. तुमचं काम कच्चं नव्हतं, एवढं ऐकून जा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. चार वर्षं गप्प राहिले, त्याची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही. ती साहेबांकडे मागते.